हीटेड ग्रिप झिजल्यात: वरून काही गुंडाळू की सरळ बदलू?

कृष्णाकाठ

मंडळी, इथे गाडीवाले बरेच आहेत म्हणून विचारतोय. मी मूळचा वाईचा, गेली नऊ वर्षं इंग्लंडात लीड्सला. आठवड्यातून तीन दिवस मोटरसायकलने मँचेस्टरच्या बाजूला कामाला जातो, एम ६२ ने. हा म्हणजे इंग्लंडातला सगळ्यात उंचावरून जाणारा मोटरवे, ३७२ मीटर. हसू नका, वाईसुद्धा त्याच्यापेक्षा उंचावर आहे माहितीये, पण नोव्हेंबर ते मार्च तिथे जो आडवा पाऊस आणि वारा लागतो त्यात बोटं जागेवर आहेत का हे क्लच दाबला की मगच कळतं.

गाडी २०१० ची, सेकंडहँड घेतलेली, ५८ हजार मैल झालेत. हीटेड ग्रिप (हँडलच्या विजेवर तापणाऱ्या मुठी) आधीच्या मालकाने बसवलेल्या आहेत, कुठल्या कंपनीच्या ते पुसलं गेलंय. उजव्या ग्रिपवरच्या रेघा पार गुळगुळीत, ओल्या ग्लोव्हजने धरली की हात सरकतो. आणि मागच्या आठवड्यात अंगठ्याजवळ रबर फाटलं, आतली पिवळसर तांबूस पट्टी दिसायला लागली. डावी तापते छान. उजवी कधी तापते कधी नाही, मूडवर आहे.

मार्चमध्ये एमओटी आहे (इथली गाडीची वार्षिक तपासणी), तिथे ग्रिप घट्ट आहेत का बघतात. तर वरून काहीतरी गुंडाळून हा हिवाळा काढू, नुसतं रबर बदलता येतं का ते बघू, की दोन्ही उपटून नवीन किट टाकू? खर्चाची तयारी आहे पण उगाचची नाही. सातारा जिल्हा, समजून घ्या.

चहाबाज

हिवाळ्यात मोटरसायकल? कार नावाचं एक वाहन असतं साहेब, चहूबाजूंनी बंद, आत हीटर.

वऱ्हाडी_ठसका

आमच्या अकोल्यात या ना भाऊ मे महिन्यात. गाडी उन्हात उभी केली का ग्रिप अशा तापतात का हात लावला का 'आई वो'च निघते तोंडातून. वायरिंग नाही, फ्यूज नाही, एकदम फुकट. तुम्हाले पायजे असल तर पार्सल करतो उष्णता.

ओहमपती

आधी एक काम करा. मल्टिमीटर आहे का? नसेल तर घ्या, तिकडे दहा पौंडात मिळेल. ग्रिपच्या वायरचा कनेक्टर हेडलाइटच्या मागे किंवा टाकीखाली असेल तो सोडवा आणि दोन्ही ग्रिपचा रेझिस्टन्स मोजा. बाजारातली बहुतेक किट फुल्लवर ४ अँपिअरच्या आसपास खातात. १२ व्होल्ट गुणिले ४ म्हणजे ४८ वॅट, दोन मुठींत निम्मं निम्मं, २४ वॅट एकेकीला. म्हणजे दोन्ही समांतर जोडलेल्या असतील तर एका ग्रिपचा रेझिस्टन्स ६ ओहमच्या आगेमागे यायला पाहिजे. डावी तापते आणि उजवी नाही यावरून समांतरच आहेत, एकापाठोपाठ एक जोडलेल्या असत्या तर एक तुटली की दोन्ही गार पडल्या असत्या.

उजवीचं रीडिंग घेताना ॲक्सिलेटर पिळून सोडून बघा. आकडा नाचला की समजा आतली पट्टी शाबूत आहे, वायर तुटलीये. उजवी मूठ दिवसभर फिरत असते, वायर तिच्याबरोबर वळते, मुळाशी तांब्याचे तंतू एकेक करून तुटत जातात. डावीला हा त्रासच नाही.

गॅरेज_गप्पा

ओहमपती बोलले ते बरोबर, पण मी कोल्हापुरात गॅरेज चालवतो, हीटेड ग्रिप माझ्याकडे वर्षाला दोन-चार येत असतील, लडाखला जाऊन आलेल्या पोरांच्या. झिजलेल्या साध्या ग्रिप मात्र रोज येतात. त्यावरून सांगतो भावा, फाटलेल्या रबरावर काय बी गुंडाळलंस तरी ते रबर आतल्या आत फिरतंय. क्लचची मूठ सरकली तर शिवी देऊन भागतं. ॲक्सिलेटरची सरकली तर तू कान पिळतोयस आणि गाडी ऐकत नाही, ओव्हरटेक करताना हे झालं की मग कळतं.

आणि ती पिवळी पट्टी दिसतीय ना, ती दिसायला लागल्यापासून स्विच लावू नकोस. कनेक्टर काढूनच ठेव.

तर्कटपंत

१२ व्होल्टला शॉक बसत नाही. उगाच घाबरवू नका धागाकर्त्याला.

ओहमपती

पंत, शॉकचा प्रश्नच नाहीये. हँडल म्हणजे गाडीचा अर्थ (अर्थिंग, बॅटरीची निगेटिव्ह बाजू). उघडी पडलेली वायर हँडलला टेकली तर फ्यूज उडेल, हा चांगला निकाल. आधीच्या मालकाने फ्यूज न टाकता थेट बॅटरीवरून वायर आणली असेल तर वायर जळेल, हा वाईट. तिसरा प्रकार गमतीशीर आहे: काही किटमध्ये पॉझिटिव्ह कायम मुठीपर्यंत आलेलं असतं आणि कंट्रोलर अर्थची बाजू जोडतो-तोडतो. तिथे पट्टीची अर्थची बाजू हँडलला लागली की स्विच बंद करून पण मूठ फुल्ल तापत राहते. एका मित्राकडे हे झालेलं, तो बिचारा दोन दिवस कंट्रोलर बदलत बसला होता.

अर्थात ॲक्सिलेटरच्या बाजूला मुठीखाली प्लास्टिकची नळी असते म्हणून तिथे हे घडायला वेळ लागतो. पण पाऊस आणि रस्त्यावरचं मीठ आत गेलं की काही सांगता येत नाही, तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ मारतात ना?

कृष्णाकाठ

मारतात म्हणजे, गाडी लोणच्यासारखी मुरते चार महिने.

मल्टिमीटर शेजाऱ्याकडून आणतो. कनेक्टर काढलाय कालच. आज सकाळी गार हाताने गेलो, ते मोटरवेच्या मधोमध एक शेत आहे, दोन्ही बाजूंनी गाड्या धावतात आणि मध्ये घर नि मेंढ्या, तिथपर्यंत पोचलो तेव्हा त्या मेंढ्यांचा हेवा वाटला.

सायली_टी

नुसतं रबर बदलण्याबद्दल: जमत नाही सहसा. बहुतेक हीटेड ग्रिपमध्ये पट्टी रबराच्या आतच ओतलेली असते, वेगळी निघत नाही. पण दुसरा एक प्रकार मिळतो, पातळ चिकटपट्टीसारखे हीटर, हँडलवर चिकटवायचे आणि वरून आपल्या आवडीच्या साध्या ग्रिप चढवायच्या. मी पुण्यात माझ्या हिमालयनला हेच केलं लडाखच्या आधी. रबर झिजलं की फक्त रबर बदला. तोटा एवढाच की जुनी ग्रिप ओढून काढताना हीटर सोबत फाटून येतो, म्हणून ब्लेडने अलगद चिरून काढायची.

अजून एक, डावी मूठ थेट लोखंडी हँडलवर बसते, सगळी ऊब हँडल पिऊन टाकतं. उजवीखाली प्लास्टिकची नळी असल्याने ती जास्त गरम लागते. मी डावीकडे हीटरखाली हीट श्रिंक ट्यूबचा (गरम केली की आवळून बसणारी नळी) एक थर दिला तेव्हा कुठे दोन्ही सारख्या झाल्या. तयार किट घेतलं तर डावी-उजवीच्या ग्रिप वेगळ्या असतात, अदलाबदल करू नका.

अण्णा_१९७८

वाचतोय. आमच्या काळी येझदीवर डिसेंबरात पहाटे पुण्याहून सातारला निघायचो. शर्टाच्या आत वर्तमानपत्र, हातात आईने विणलेले लोकरी मोजे, त्यावर प्लास्टिकची पिशवी. खंबाटकी उतरलो की गाडी थांबवायची आणि इंजिनाच्या पंखांवर दोन्ही हात शेकायचे. एकदा नाद लागला नि सायलेन्सरला हात लावला, मोज्याचा अंगठा तिथेच राहिला. गरम मुठी म्हणजे सगळी चैन आहे.

मुक्ता_म्यु

अण्णा, आदर ठेवून असहमत. माझ्यासाठी चैन नाहीये. मला रेनॉडचा त्रास आहे, गारठ्यात बोटांच्या रक्तवाहिन्या एकदम आकसतात, बोटं पांढरीफटक होतात, मग निळी, मग ऊब मिळाली की लाल आणि ठणका. पांढऱ्या बोटांनी ब्रेक किती दाबला जातोय ते कळत नाही. म्युनिकमध्ये मी ऑक्टोबरपासून हीटेड ग्रिपशिवाय गाडी काढत नाही.

आणि वाऱ्याचा हिशोब करा जरा. कॅनडा-अमेरिका २००१ पासून विंड चिलचं (वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या गारठ्याचं) जे सूत्र वापरतात त्याने ५ अंश तापमान आणि ताशी ८० किमीचा वारा म्हणजे उघड्या कातडीला उणे ३ च्या आसपास वाटतं, ० अंश असेल तर उणे १०. हिमालयात जावं लागत नाही त्यासाठी.

तर्कटपंत

ते सूत्र उघड्या चेहऱ्यासाठी आहे. ग्लोव्हज घातलेल्या हाताला जसंच्या तसं लागू होत नाही.

मुक्ता_म्यु

बरोबर, म्हणून तर 'उघड्या कातडीला' लिहिलंय पंत :) मुद्दा असा की ग्रिप फक्त तळहात शेकते. वारा लागतो बोटांच्या पाठीला. हँडगार्ड नसतील तर आतून भाजतंय आणि बाहेरून गोठतंय असं होतं, पापडासारखं, एक बाजू करपलेली आणि दुसरी कच्ची. कृष्णाकाठ, तुमच्या गाडीला हँडगार्ड आहेत का? नसतील तर नवीन किटच्या आधी तेच बघा.

निफाडकर

पापड :D

आमच्याकडे निफाडला गारठा काय असतो ते नाशिक सोडून कुणाला पटत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, नाहीतर मणी तडकतात. पहाटे चारला ठिबक चालू करायला बागेत जायचं तर स्प्लेंडरच्या हँडलला मी रेक्झिनचे मोजे शिवून घेतलेत, दूधवाल्यांकडे असतात तसे. हात त्या पिशवीत घालायचा, आत लिव्हर सापडतात अंदाजाने. दिसायला गाडीला गालफुगी झाल्यासारखी दिसते पण वारा शून्य. हीटेड ग्रिप पाहिजेत कशाला मग?

गॅरेज_गप्पा

निफाडकर, ते मोजे नि हीटेड ग्रिप दोन्ही एकत्र असले तर एक नंबर काम. आतली ऊब आतच राहते, मग ग्रिप अर्ध्यावर ठेवली तरी चालतंय. फक्त हात चटकन बाहेर काढायची सवय पाहिजे.

स्प्लेंडरवर ४ अँपिअरचं किट मात्र लावू नकोस, तेवढी जादा वीज ती गाडी करत नाही. बॅटरी बसेल.

सायली_टी

सरकणाऱ्या मुठीवरून आठवलं. पहिल्यांदा लेहला गेलो तेव्हा गाडी तिथेच भाड्याने घेतलेली, उजव्या ग्रिपचं रबर नळीवरून सुटलेलं. खार्दुंग ला चढताना वरच्या टप्प्यात बर्फाचा चिखल, मी कान पिळतेय आणि नुसतं रबर फिरतंय, गाडी जागेवर घर्रर्र. मागून मिलिटरीचे ट्रक. शेवटी नवऱ्याने टूलकिटमधली बारीक तार काढली आणि ग्रिपला दोन ठिकाणी आवळून बांधली, मातीत रेस करणारे बांधतात तशी. उतरेपर्यंत टिकली. वरच्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं, घरी येऊन वाचलं तर खरी उंची साडेसतरा हजारच्या आसपास. एवढा जीव काढून ८०० फूट कमीच निघाले.

ओहमपती

ही तारेची युक्ती साध्या ग्रिपलाच हां. हीटेड ग्रिपवर तार आवळली तर ती रबर कापून थेट पट्टीवर बसते.

चहाबाज

मी आलो होतो टवाळी करायला, आता सगळं वाचत बसलोय. साधा प्रश्न, रबर झिजतंच का पण एवढं? टायर रस्त्याला घासतो ते समजतं, हात तर मऊ असतो.

गॅरेज_गप्पा

हात मऊ असतो, अंगठी मऊ नसते. डाव्या ग्रिपवर एकाच जागी खाच पडलेली गाडी आली की मालकाचं लग्न झालंय हे न विचारता सांगतो मी. मग घामाचं मीठ, ऊन. डास पळवायचं मलम नि सनस्क्रीन लावलेले हात, त्यानं तर काही ग्रिप चिकट गुळासारख्या होतात. हीटेडला वरून रोजचं गरम-गार, गरम-गार. रबर आधी टणक होतं, मग भेगा पडतात.

आणि ज्यांना मूठ गळा दाबल्यासारखी धरायची सवय आहे त्यांची निम्म्या वेळात जाते. ग्रिप हलकी धरायची, वजन पोटावर-मांड्यांवर घ्यायचं. हे कुणी ऐकत नाही.

कृष्णाकाठ

मोजलं!! डावी ६.२. उजवी ६.४, पण ॲक्सिलेटर अर्ध्याच्या पुढे पिळला की ओपन (म्हणजे जोडणीच तुटलेली), सोडला की परत ६.४. म्हणजे ओहमपती साहेबांनी न बघता सांगितलेलं तंतोतंत निघालं, वायरच तुटलीये. साष्टांग _/\_

आणि हो गॅरेजवाले, डाव्या ग्रिपवर अंगठीची खाच आहे. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली उजवी माझ्यामुळे झिजली नाही ना मग झालं.

आता नवीन गोंधळ. पट्टी शाबूत आहे तर वायर सांधून वरून काहीतरी चढवावं का? मासेमारीच्या गळाच्या दांडीला चढवतात ती खरबरीत हीट श्रिंक मिळते इथे, ती चांगली वाटतेय.

तर्कटपंत

चढवा. पातळ असते, पकड चांगली मिळते. मी बॅडमिंटनच्या रॅकेटची टेप गुंडाळून एक अख्खा हिवाळा काढला आहे, पन्नास रुपयांत काम.

मुक्ता_म्यु

रॅकेटची टेप पावसात पाणी पिते आणि मग तुम्ही ओला स्पंज धरून गाडी चालवता. पंत, तुमचा हिवाळा कुठला?

तर्कटपंत

ठाणे.

वऱ्हाडी_ठसका

😂😂 ठाण्याचा हिवाळा! बाप्पा, हा धागा इथंच बंद करा.

ओहमपती

हीट श्रिंकबद्दल: साध्या ग्रिपवर उत्तम. पण ती आवळायला जी उष्णता द्यावी लागते ती खालच्या गोंदाला आणि पट्टीला पण बसते. हीट गन नका वापरू, गरम पाण्याची धार किंवा हेअर ड्रायर, हळूहळू. आणि जो थर वर चढवाल तो उष्णता अडवणार हे धरून चाला. फोमची कव्हरं मिळतात ना ग्रिपवर सरकवायची, थरथर कमी करायला छान, पण त्यांच्याखाली ग्रिप तापते आणि हात गारच. रबर झिजून पातळ झालंय म्हणून उलट तुमची डावी आता जास्त गरम लागत असेल.

वायर सांधायची तर सिलिकॉनच्या आवरणाची मऊ वायर घ्या, साधी पीव्हीसी थंडीत काडीसारखी कडक होते. जोड मुठीच्या अगदी मुळाशी नको, थोडा पुढे घ्या, आणि मधे एक सैल वळसा ठेवा. तुमची तुटलीये नेमकी मुळाशी, म्हणजे सोल्डर करायला अर्धा सेंटिमीटर पण मिळणार नाही बहुतेक.

फक्त उजवी ग्रिप दुसरीकडून मिळवून लावायचा मोह होईल, तो टाळा. समांतर जोडणीत ज्या मुठीचा रेझिस्टन्स कमी ती जास्त तापते. नवी ४ ओहमची आली तर उजवा हात भाजेल, डावा तसाच, आणि कंट्रोलरवर लोड वाढेल तो वेगळा.

गॅरेज_गप्पा

मी आपला एकच सांगतो. फाटलंय, वायर तुटलीय, सोळा वर्षाची गाडी. मढ्याला पावडर लावू नकोस. जोडी बदल.

पण बदलताना घाई करू नकोस. जुन्या प्लास्टिक नळीवर बाहेरून उंचवटे असतात, दाते म्हण, ते कानशीनं घासून सपाट करायला लागतात, नाहीतर नवी ग्रिप चढतच नाही, हातोडा मारशील आणि नवी पट्टी फुटेल. हँडलचा व्यास बघ, बहुतेक गाड्यांना २२ मिमी, क्रूझरवाल्यांना २५ च्या वर असतो. आधी कोरडी चढवून बघ. वायर बाहेर येती ती बाजू अशी ठेव की पूर्ण पिळला तरी ब्रेकच्या नळीला अडकू नये. हँडल दोन्हीकडे फुल्ल वळवून बघ. मग गोंद.

अण्णा_१९७८

गोंद कुठला? आम्ही केसांचा स्प्रे मारून ग्रिप चढवायचो, ओला असेपर्यंत सरकते, वाळला की घट्ट.

गॅरेज_गप्पा

अण्णा, साध्या ग्रिपला अजूनही ती युक्ती चालते, मी पण करतो. पण हीटेडला तापून तापून स्प्रे सुटतो. किटसोबत जो गोंद येतो तोच लावायचा, सुपरग्लूसारखाच असतो. वीस सेकंदात बसतो, म्हणून आधी सगळं जुळवून ठेवायचं. टोकाकडं थेंब जाऊ द्यायचा नाही.

कृष्णाकाठ

ठरलं. किट मागवलं, ८० पौंडांच्या आत बसलं. पाच पायऱ्यांचा कंट्रोलर आहे. पार्किंग लाइटच्या वायरवरून रिले (विजेवर चालणारा स्विच) देणार, म्हणजे चावी काढली की बंद. आधीच्या मालकाने खरंच थेट बॅटरीवर जोडलेलं होतं, फ्यूज होता पण १५ अँपिअरचा! ४ अँपिअरच्या लोडला. म्हणजे वायर आधी जळली असती, फ्यूज बसला असता गंमत बघत. आता ५ चा टाकतोय.

मुक्ताताई, हँडगार्ड पण मागवलेत.

मुक्ता_म्यु

छान! सवय झाली की मग एलेफान्टेनट्रेफेनला या. बव्हेरियाच्या जंगलात थुर्मान्सबांग-सोला म्हणून गाव आहे, तिथे भर हिवाळ्यात, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, मोटरसायकलवाल्यांचा मेळावा भरतो. सुरुवात १९५६ ची, १९८९ पासून तो या गावाजवळ भरतो. नाव पडलं झुंडॅप केएस ६०१ या साइडकारवाल्या गाडीवरून, तिला 'हिरवा हत्ती' म्हणायचे. लोक बर्फात तंबू ठोकून, गवत अंथरून झोपतात. मी एकदा गेले, एक रात्र काढली, परत येताना हीटेड ग्रिपला चक्क हळदीकुंकू वाहावंसं वाटलं.

निफाडकर

हत्तींचा मेळावा, बर्फात. आमच्याकडे लोक हुरडा पार्टीला जातात, तिकडे हे.

कृष्णाकाठ

रिपोर्ट देतो, लाज वाटतेय पण देतो.

शनिवारी सगळं केलं. जुनी उजवी ब्लेडने चिरली, आत वायरचे तंतू हिरवे पडलेले, मिठाची करामत. दाते घासले. कोरडी चढवली, वायर खाली काढली, दोन्हीकडे हँडल वळवून बघितलं. सगळं गॅरेजवाल्यांनी सांगितलं तसं. मग गोंद. आणि नेमका टोकाकडे ओघळला. मला कळलंच नाही. पाच मिनिटांनी बघतो तर ॲक्सिलेटर अर्ध्यावर पिळलेला आणि तिथेच चिकटलेला. सुटेना. नळी हँडललाच जोडली गेली. नशीब इंजिन बंद होतं.

बायको आतून नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन आली, बारीक सिरिंजने टोकाकडून थेंब थेंब सोडलं, पंधरा मिनिटांनी कटकन सुटला. तिने एवढंच विचारलं की कार घेऊ या का.

ओहमपती

रिमूव्हरमधल्या ॲसिटोनने काही प्लास्टिक विरघळतं. नळी काढून आतून बघाच एकदा, खडबडीत झाली असेल तर बदला, ती वेगळी मिळते.

गॅरेज_गप्पा

सांगितलं होतं टोकाकडं थेंब नको! असू दे, माझ्याकडं पण एकदा झालंय, गिऱ्हाईक समोर उभं होतं.

आता बार-एंडचं (हँडलच्या टोकाचं) वजन लावशील तेव्हा ग्रिप नि वजनात दोन-तीन मिलिमीटर फट ठेव. पिळून सोडला की टपकन मागं आला पाहिजे, हँडल कुठंही वळलेलं असू दे. तो मागं येत नाही तोवर गाडी रस्त्यावर काढायची नाही.

कृष्णाकाठ

नळी काढून बघितली, आत थोडं ओरखडल्यासारखं होतं, रिस्क नको म्हणून नवी टाकली. फट ठेवली. टपकन येतो मागे. आज सकाळी २ अंश, धुकं, एम ६२. सुरुवातीला फुल्लवर ठेवला, दहा मिनिटांत दुसऱ्या पायरीवर आणावा लागला. मेंढ्यांकडे बघून हात केला.

एक प्रश्न राहिलाच. जुनी डावी ग्रिप अख्खी निघाली, ६.२ ओहम, धडधाकट. टाकवत नाहीये. काय करू तिचं?

अण्णा_१९७८

ठेव. लागते.

चहाबाज

त्यात चहाचा ग्लास बसेल का? गाडीवर १२ व्होल्टला जोडायचं, ऑफिसला पोचेपर्यंत चहा गरम. ओहमपती, हिशोब द्या.

ओहमपती

२४ वॅट. शंभर मिली गार चहा २० अंशावरून ६० वर न्यायचा तर काहीही उष्णता वाया गेली नाही असं धरून बारा मिनिटं. मोटरवेच्या वाऱ्यात वाया जाणारच, म्हणजे विसरा. पण घरून गरम भरून नेलात तर गरम राहायला मदत होईल. आतला व्यास २२ मिमी आहे पण, ग्लास नाही बसायचा, टेस्ट ट्यूब बसेल.

चहाबाज

टेस्ट ट्यूबमधून चहा. चालेल.